फायबरग्लासचा ट्रेलर लेव्हलला राहत नाही? आधी फ्रिजमध्ये पाणसळ ठेवून बघा

फोन बहुतेक शनिवारी सकाळी येतो. मे महिना संपत आला की आमच्या मिनेसोटात माणसं घरात थांबत नाहीत. आमच्या ओळखीतल्या चार-पाच मराठी घरांनी गेल्या काही वर्षांत गाडीमागे ओढायचे फायबरग्लासचे छोटे ट्रेलर घेतलेत. पलीकडून आवाज येतो, "दादा, रात्री अगदी पाणसळीचा बुडबुडा मध्यावर आणून झोपलो. सकाळी फ्रिज उघडला तर दूध कोमट. आता काय करू?"

माझा ट्रेलर १६ फुटी, सेकंडहँड. ट्रेलर समतल नसला की गॅसवरचा फ्रिज गार होत नाही; हीच तक्रार मी स्वतः तीन उन्हाळे भोगली आणि मग दुसऱ्यांच्या ट्रेलरखाली लोळून लोळून पक्की ओळखायला शिकलो. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. फुकटात होणारी तपासणी आधी आणि खिशाला चाट लावणारी शेवटी, अशा क्रमाने. कृपा करून क्रम मोडू नका. आमच्यातल्या एकाने पहिल्याच दिवशी फ्रिज बदलायचं कोटेशन मागवलं होतं. दोष निघाला चार इंचाच्या खड्ड्यात.

लक्षणं

यातली दोन-तीन एकत्र दिसली तर पुढे वाचा.

- फ्रिजची ज्योत पेटलेली आहे, पण आत गारवा नाही. घरी अंगणात तोच फ्रिज बर्फ करतो.
- धिरड्याचं पीठ तव्यावर घातलं की एका कडेला पळतं.
- अंघोळीचं पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्यात साचतं.
- संध्याकाळी बोटाने बंद होणारं दार सकाळी खांदा लावल्याशिवाय बसत नाही.
- भिंतीवरचा बुडबुडा मध्यावर आहे, तरीही वरचं सगळं चालू आहे.

आता एकच प्रश्न स्वतःला विचारा: दर वेळी तीच बाजू खाली जाते का? आज डावी, पुढच्या खेपेला उजवी असं होत असेल, तर दोष जमिनीचा किंवा तुमच्या पद्धतीचा. कुठेही उभा केला तरी उजवीच बाजू बसत असेल, तर दोष ट्रेलरचा. पहिल्या प्रकारात खर्च जवळपास शून्य. दुसऱ्या प्रकारातही घाबरायचं नाही, पण मग खालच्या सगळ्या पायऱ्या कराव्या लागतील.

कवचाला दोष देऊ नका. १९६८मध्ये कॅनडातल्या विनिपेगमध्ये 'बोलर' नावाचा १३ फुटी ट्रेलर निघाला. साच्यात घडवलेल्या फायबरग्लासच्या दोन करवंट्या पोटाशी जोडायच्या, ही त्याची रचना आजही अनेक बनावटींत टिकून आहे. भिंतीत लाकडाचा सांगाडा नाही, त्यामुळे तो कुजत नाही. कवच इतकं भरवशाचं की माणूस वाकून खाली बघायचंच विसरतो. आणि बिघाड बहुतेक वेळा खालीच असतो.

पाणसळ खरं बोलते का?

भिंतीवर चिकटवलेल्या त्या छोट्या बुडबुड्यावर माझा काडीचा विश्वास नाही. माझ्या ट्रेलरच्या आधीच्या मालकाने तो थोडा तिरका चिकटवला होता. माझे तीन उन्हाळे त्या एका स्टिकरने खाल्ले.

गवंडी वापरतात तशी २४ इंची पाणसळ घ्या. आधी तिचीच परीक्षा करा: टेबलावर ठेवा, बुडबुडा कुठे आहे ते बघा, मग तिला जागच्या जागी उलट फिरवा, म्हणजे डावं टोक उजवीकडे येईल. बुडबुडा दोन्ही वेळी त्याच बाजूला तेवढाच सरकलेला दिसला, तर टेबल तिरकं आहे आणि पाणसळ खरी आहे. बाजू बदलली, तर पाणसळ खोटी.

मग ती फ्रिजमध्ये ठेवा. ओट्यावर नाही, पलंगावर नाही. फ्रीझरच्या तळावर आधी डावी-उजवी, मग पुढे-मागे. तिथे मावत नसेल तर ६ इंची छोटी पाणसळ वापरा. फ्रिज समतल आला की मग भिंतीवरचा स्टिकर काढून, बुडबुडा मध्यावर येईल असा पुन्हा चिकटवा. त्यानंतर तो वापरायला हरकत नाही.

फ्रिजचंच का ऐकायचं? कारण ट्रेलरमधल्या माणसांना थोडा उतार चालतो, या फ्रिजला चालत नाही. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजमध्ये कॉम्प्रेसर नसतो, पंप नसतो, हलणारा एकही भाग नसतो. खाली बॉयलरमध्ये अमोनिया आणि पाण्याचं मिश्रण तापतं. अमोनियाची वाफ वर चढते, निवून पातळ होते, मग आतल्या नळ्यांत हायड्रोजनच्या संगतीत पुन्हा उडून जाते आणि उडताना फ्रिजमधली उष्णता घेऊन जाते. शेवटी पाण्यात विरघळून उताराने खाली बॉयलरकडे परतते. हा परतीचा प्रवास निव्वळ गुरुत्वाकर्षणावर चालतो. प्लाटेन आणि मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी १९२२मध्ये ही युक्ती शोधली आणि आजही ती जवळपास तशीच आहे.

आता ट्रेलर कलला की नळ्यांचा तो हलका उतार मोडतो. द्रव मधेच कुठेतरी थबकतो. बॉयलरला पुरेसं मिश्रण मिळत नाही, ज्योत मात्र तापवतच राहते. आतून गंज चढू नये म्हणून त्या मिश्रणात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं. जास्त तापल्यावर त्याचे खडे बनतात आणि बारीक नळी बुजू लागते. हे नुकसान भरून येत नाही. नंतर ट्रेलर कितीही सरळ केला तरी बुजलेली नळी मोकळी होत नाही, प्रत्येक तिरक्या रात्रीची भर पडत जाते. गाडी चालू असताना मात्र धक्क्यांनी द्रव सतत हलत राहतो, म्हणून घाटातल्या कलण्याची काळजी नको.

बऱ्याच पुस्तिकांत मर्यादा अशी दिलेली असते: आडव्या बाजूने ३ अंश, पुढे-मागे ६ अंश. इथे एक गोम आहे. ही दिशा फ्रिजसमोर तोंड करून उभं राहिल्यावरची असते. फ्रिज बाजूच्या भिंतीला लागून असेल, तर फ्रिजची 'आडवी' बाजू म्हणजे ट्रेलरची लांबी. म्हणजे पुढच्या जॅककडेच (ट्रेलरचं नाक उचलून धरणाऱ्या पायाकडे) जास्त लक्ष द्यायला हवं, आणि नेमकं तिथेच लोक "चालतंय, थोडं नाक खाली आहे" म्हणून सोडून देतात. तुमच्या फ्रिजची पुस्तिका काढून एकदा खात्री करून घ्या. १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला नवा फ्रिज असेल तर त्याचे एवढे नखरे नसतात.

आणखी एक, जरा लाजत सांगतो. कधी कधी ट्रेलर अगदी समतल असतो आणि चूक आपली असते. हा फ्रिज घरच्या फ्रिजसारखा तासाभरात गार होत नाही. निघायच्या आदल्या दिवशी घरच्या विजेवर लावा, रात्रभर चालू द्या आणि मग आधीच गार केलेले डबे त्यात ठेवा. दुपारी चालू करून त्यात इडलीच्या पिठाचं कोमट पातेलं कोंबलं, तर जगातली कोणतीही पाणसळ ते दूध वाचवणार नाही.

जमीन

सुपीरिअर सरोवराच्या उत्तर किनाऱ्यावर, गूजबेरी धबधब्याच्या बाजूला, आम्ही एकदा खडीच्या जागेवर उतरलो होतो. संध्याकाळी सगळं सरळ. रात्री पाऊस. सकाळी पुढचा जॅक खडीत दीड इंच रुतलेला. जॅकच्या पायाचं क्षेत्रफळ जेमतेम तळहाताएवढं असतं आणि त्यावर ट्रेलरच्या नाकाचं सगळं वजन. चाकं रुतत नाहीत, जॅक रुततो, म्हणून 'रात्रीत नाक खाली गेलं' ही तक्रार सगळ्यात जास्त.

उपाय फुकटातला. जॅकखाली फूटभर लांब-रुंद जाड फळी ठेवा. संध्याकाळी पाणसळीचा फोटो काढा, सकाळी पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवून बघा. बदल दिसला तर जमीन हलली. बदल नसेल तर पुढे चला.

क्रम आणि ठोकळे

सर्वांत जास्त चुका इथे होतात. क्रम असा:

१. ट्रेलर गाडीला जोडलेला असतानाच डावी-उजवी बाजू सरळ करायची. जी बाजू खाली आहे त्या चाकाखाली फळ्या किंवा प्लॅस्टिकचे ठोकळे घालून त्यावर चाक चढवायचं. दोन आसांचा ट्रेलर असेल तर त्या बाजूच्या दोन्ही चाकांखाली सारखीच उंची.

२. चाकांना पुढून आणि मागून पाचरी मारायच्या, जमिनीवरच्या चाकाला तर नक्कीच.

३. मग गाडी सोडायची.

४. पुढचा जॅक फिरवून पुढे-मागे सरळ करायचं.

५. कोपऱ्यातले टेकू सगळ्यात शेवटी.

दुसरी पायरी कोणी गाळू नका. गाडीमागच्या चेंडूवरून कपलर (ट्रेलरचा पुढचा जोड) सुटला की गाडीचा ब्रेक ट्रेलरला धरत नाही. आमच्या गावाकडे बैल सोडायच्या आधी चाकाला दगड लावायचे, जू टेकायला दांडा उभा करायचे. तीच अक्कल इथे लागते, फक्त बैलांच्या जागी पिकअप आहे. उतारावर पाचर न लावता सोडलेला ट्रेलर टेबलावरून लाडू घरंगळावा तसा निघालेला मी पाहिलाय. झाडामुळे थांबला.

ठोकळा किती उंच घ्यायचा? अंदाजाने चार वेळा गाडी पुढे-मागे करू नका, नवरा-बायकोचं भांडण तिथेच सुरू होतं. २४ इंची पाणसळ आडवी ठेवा. खालच्या टोकाखाली पत्ते, पुठ्ठा, चमचा, हाताला लागेल ते सरकवत बुडबुडा मध्यावर आणा. त्या सरकवलेल्या वस्तूंची जाडी मोजा. माझ्या ट्रेलरच्या दोन चाकांमधलं अंतर ७२ इंच, म्हणजे पाणसळीच्या तिप्पट. म्हणून जाडीची तिप्पट म्हणजे ठोकळ्याची उंची. अर्धा इंच जाडी निघाली, तर दीड इंचाचा ठोकळा. इथल्या लाकडाच्या दुकानात 'दोन इंची' म्हणून मिळणारी फळी खरं तर दीड इंचाचीच असते, तेव्हा एक फळी पुरते. तुमचं अंतर वेगळं असेल तर गुणाकार बदला. ७२ इंचांवर एक अंश म्हणजे साधारण सव्वा इंच, तीन अंश म्हणजे पावणेचार इंच. एवढं लक्षात असलं की चिंता किती करायची ते कळतं.

कोपऱ्यातल्या टेकूंबद्दल वेगळं बोलायला हवं. ते डुगडुग थांबवण्यासाठी असतात, उचलण्यासाठी नाहीत. "उजवा मागचा कोपरा जरा खाली वाटतोय" म्हणून टेकू फिरवत राहिलात, की चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) पिळली जाते आणि तिच्यासोबत कवच. दार अडकतं ते यामुळेच. दाराची चौकट हा कवचातला सगळ्यात मोठा कापलेला भाग, म्हणून पीळ आधी तिथे दिसतो. दार अडत असेल तर चारही टेकू मोकळे करा. दार लगेच सुटलं तर दोष सापडला. पुढच्या वेळी टेकू जमिनीला लागेपर्यंत फिरवा, वर अर्धा फेरा, बस. ही सवय वर्षानुवर्षं तशीच राहिली तर दाराच्या आणि खिडकीच्या कोपऱ्यांत जेलकोटला (फायबरग्लासच्या वरच्या गुळगुळीत थराला) कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात.

वजन आणि टायर

हे दोन्ही पटकन उरकू.

पाण्याची टाकी कोणत्या बाजूला आहे? २० गॅलन पाणी म्हणजे ७६ लिटर, तेवढेच किलो. त्याच बाजूला बॅटरी, बिडाचा तवा आणि तांदळाची पिशवी असेल, तर ती बाजू बसणारच. एकदा टाकी रिकामी करून मोजा. मात्र समतोल साधायच्या नादात सगळं सामान मागे हलवू नका. ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार पुढच्या कपलरवर असायला हवा. तो कमी झाला तर हायवेवर ट्रेलर शेपटासारखा हलतो, आणि कोमट दुधापेक्षा ते कितीतरी वाईट.

टायरची हवा सकाळी, गाडी न चालवता तपासा. दोन्ही बाजूंना सारखी हवी. पंक्चर झाल्यावर कोणी घाईत वेगळ्या मापाचा टायर बसवलाय का, तेही टायरच्या भिंतीवर वाचा. तिथेच चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधीच म्हातारे होतात. पाच-सहा वर्षं झाली असतील तर नक्षी कितीही ताजी दिसो, बदला.

फ्रिजलाच एकटं तपासा

इथवर सगळं ठीक आणि तरी गारवा नाही, तर ट्रेलर घरी आणा. सपाट जागेवर, फ्रीझरमध्ये पाणसळ ठेवून समतल करा. रिकामा फ्रिज आधी २४ तास घरच्या विजेवर चालवा, मग गॅसवर.

विजेवर गार होतो पण गॅसवर नाही: दोष बर्नरमध्ये, धुराड्यात किंवा गॅसच्या दाबात. बाहेरची जाळी काढून धुराड्याखाली कोळ्याचं जाळं किंवा काजळी आहे का बघा. आमच्याकडे हिवाळाभर ट्रेलर बंद असतो आणि कोळ्यांना ती जागा फार आवडते. फ्रिज बंद करून, निवू देऊन, मऊ ब्रशने झाडण्यापुरतं काम तुमचं. गॅसचा दाब ११ इंच पाण्याच्या स्तंभाइतका लागतो. तो मापकानेच मोजायचा असतो, रेग्युलेटर स्वतः पिळायचा नाही.

विजेवरही नाही, गॅसवरही नाही, आणि मागचा भाग मात्र तापतोय: बहुतेक नळी बुजली. मागे पिवळी पूड दिसली किंवा अमोनियाचा नाकाला झोंबणारा वास आला, तर फ्रिज लगेच बंद करा, खिडक्या उघडा आणि तपासणी तिथेच थांबवा. गळणाऱ्या युनिटमध्ये हायड्रोजनही असतो. अशा युनिटला वेल्डिंगचा टाका मारायचा नसतो.

दर वेळी तीच बाजू खाली जाते तेव्हा

आता ट्रेलरच्या पोटाखाली. गॅरेजच्या सपाट काँक्रीटवर उभा करा, टाकी रिकामी, हवा सारखी. चेसिसच्या लोखंडी पट्टीच्या खालच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर डाव्या आणि उजव्या चाकाशेजारी मोजा. अर्ध्या इंचापर्यंतचा फरक मी सोडून देतो. इंचाच्या वर गेला तर आसाकडे बघतो.

या लहान ट्रेलरांपैकी अनेकांना टॉर्शन आस असते. पाटे नाहीत, स्प्रिंग नाही. चौकोनी नळीत रबराच्या कांड्या दाबून बसवलेल्या आणि चाकाचा दांडा त्या रबराला पिळतो. वर्षं गेली, ओझं जास्त झालं, किंवा ट्रेलर अंगणात वर्षानुवर्षं तसाच उभा राहिला, की रबर कडक होतं आणि बसतं. एक बाजू आधी बसू शकते. ओळखायची खूण: चेसिसखाली जॅक लावून हळू उचला आणि चाकाचा दांडा बघा. जिवंत रबर असेल तर चेसिस वर जाताना दांडा खाली झुकत येतो. दांडा जागचा न हलता चाक थेट जमिनीवरून उठलं, तर रबर गेलं. जॅक आसाच्या नळीखाली कधीही लावायचा नाही, नळी वाकते. आणि स्टँड न लावता खाली सरकायचं नाही. हे वाक्य वाचून "एवढं काय" असं मनात आलं असेल, तर ही तपासणी तुमच्यासाठी नाही.

रबर बदलता येत नाही, अख्खी आस बदलावी लागते. हे मी स्वतः केलेलं नाही आणि करणारही नाही. नवीन आस मापून, वजनाला जुळवून बसवावी लागते.

शेवटचं, टॉर्च घेऊन पुढून बघा. पुढचा त्रिकोणी दांडा जिथे कवचाखाली शिरतो, तिथे लोखंडावर सगळ्यात जास्त ताण येतो. रंगाखालून निघालेली गंजाची बारीक, सरळ रेघ दिसली तर ती चीर समजा. दाराजवळची जमीनही पायाने दाबून बघा: कवच फायबरचं असलं तरी अनेक ट्रेलरांची जमीन लाकडीच असते आणि पाणी मुरलं की मऊ पडते.

इथे थांबा

चेसिसला चीर दिसली तर ट्रेलर ओढून नेऊ नका, मेकॅनिकला घरी बोलवा किंवा टोइंगवाल्याला. ओळखीच्या वेल्डरकडून 'जरा टाका मारून' घेऊ नका. वर फायबरग्लास आहे, ते पेटतं आणि ट्रेलरच्या कामाची सवय असलेला माणूस कवच आधी वाचवतो.

आस बसली असेल, फ्रिजचं युनिट बुजलं किंवा गळत असेल, गॅसचा दाब चुकत असेल: तिन्ही कामं तज्ज्ञाची.

गॅसचा वास आला तर तपासणी वगैरे नाहीच. कोणतंही बटण दाबू नका, दिवासुद्धा नाही. सगळ्यांना बाहेर काढा, जाता जाता सिलिंडरची झडप बंद करता आली तर करा, आणि लांब जाऊन मगच फोन करा.

मेकॅनिकला फोन करताना "फ्रिज चालत नाही" एवढंच सांगितलंत तर तो पहिला तास तुमच्याच पैशाने वरच्या गोष्टी तपासण्यात घालवेल. त्याला हे सांगा: फ्रीझरच्या तळावर पाणसळ दोन्ही दिशांना काय दाखवते, २४ तासांनंतर विजेवर आत किती तापमान आणि गॅसवर किती, चेसिसची उंची डावीकडे किती इंच आणि उजवीकडे किती, टायरचे चार आकडे. सोबत संध्याकाळ-सकाळचे दोन फोटो. मागच्या उन्हाळ्यात आमच्या एका वहिनींनी हे सगळं कागदावर लिहून नेलं. मेकॅनिकने कागद वाचला, वाकून उजव्या चाकाचा दांडा पाहिला आणि दहा मिनिटांत आसेची ऑर्डर लिहायला घेतली.